लकवा झाल्यावरचं रिहॅब: फिजिओ, ओटी, स्पीच सगळे एकत्र, आणि एक दोनशे पानी वही (बाबांचा सहा महिन्यांचा अनुभव)

कृष्णाकाठची_लेक

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत राहिलं होतं, आज बाबा दुपारचे झोपलेत म्हणून बसलेय. मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते, कराड डेपो, रिटायर होऊन पाच वर्षं झाली. श्रावणात एका सकाळी उठले ते उजवा हातपाय हलेना, तोंड वाकडं, आणि बोलायला गेले तर नुसतं "अअ.. चला चला". लगेच दवाखान्यात नेलं पण झटका झोपेत आलेला, नेमका कधी ते कुणालाच माहीत नाही, त्यामुळे साडेचार तासांच्या आत द्यायचं ते गुठळी विरघळवायचं इंजेक्शन काही देता आलं नाही. अकरा दिवसांनी डिस्चार्ज. कागदावर शेवटची ओळ "फिजिओथेरपी कंटिन्यू". बस्स. म्हणजे कुठे, कोणाकडे, किती, काय, काहीच नाही.

घराजवळ एक सेंटर होतं तिथे वीस सिटिंगचं पॅकेज घेतलं, पैसे आधी भरून. रोज हाताला वीस मिनिटं करंटच्या पट्ट्या, मग वर टांगलेल्या कप्पीची दोरी उजव्या हाताला बांधायची आणि डाव्या हाताने ओढून उजवा वर करायचा. एकदाही कुणी बाबांना उभं करून बघितलं नाही, गिळता येतंय का विचारलं नाही. बारा तेरा दिवसांनी खांदा इतका दुखायला लागला की कूस बदलताना ओरडायचे. आम्हाला वाटलं दुखणं म्हणजे जीव परत येतोय. तसं सांगितलंही होतं आम्हाला. त्या गोष्टीचा राग अजून जात नाही माझा.

मग आत्याने पुण्याला बोलावून घेतलं, तिथे एका रिहॅब क्लिनिकमध्ये दाखवलं (नाव टाकत नाही, जाहिरात वाटायला नको). पहिला दिवस दोन तास नुसती तपासणी. आधी पीएमआरचे डॉक्टर, म्हणजे फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनमध्ये एमडी केलेले, असे डॉक्टर असतात हेच मला तोवर माहीत नव्हतं. मग फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी, रोजची कामं परत शिकवणारे), स्पीच थेरपिस्ट. स्पीचवाल्या मॅडमनी बोलण्याचं काहीच विचारलं नाही आधी, विचारलं "चहा पिताना ठसका लागतो का?" लागायचा! रोज लागायचा, आम्ही पाठीवर थोपटायचो आणि पुढे जायचो. त्यांनी सांगितलं की पातळ पदार्थ श्वासनलिकेत जातोय, अशानेच न्यूमोनिया होतो. दुसऱ्या दिवसापासून चहा, पाणी सगळं थिकनर पावडर घालून दाटसर, हनुवटी खाली घेऊन घोट गिळायचा, आणि जेवल्यावर अर्धा तास ताठ बसायचं. चहाला ती दाटपणाची चव बाबांना अजिबात आवडली नाही पण ठसका थांबला.

आणि मग त्या ओटी मॅडमनी चित्रांची कार्डं पुढे ठेवून विचारलं, काय यायला हवंय परत? आम्हाला नाही, बाबांना. आम्ही मध्येच बोलायला लागलो तर हाताने थांबवलं. बाबांनी बराच वेळ बघितलं आणि ताटाच्या चित्रावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या उजव्या हातावर. आई तिथेच रडायला लागली. दोन महिने ती भरवत होती आणि तिला वाटत होतं ते बरं चाललंय.

तिथून पुढे सगळी टीम त्या ताटाच्या मागे लागली. ओटीने पहिल्याच आठवड्यात भाकरी आणायला सांगितली घरून. मोडायची नाही, ती जड जाते, दुधात भिजवून कुस्करायची. अंगठा आणि दोन बोटं, काला होईपर्यंत. आधी मॅडमचा हात बाबांच्या हातावर, मग नुसता मनगटाला आधार, मग काहीच नाही. भाकरीचा पहिला घास तोंडापर्यंत जायला सात आठवडे लागले, निम्मा शर्टावर सांडला, पण गेला. फिजिओ त्याच वेळी बसण्यातला तोल बघत होते, कारण एका कुशीला कलणारा माणूस ताटापर्यंत हात नेणार कसा. स्पीचवाल्यांनी जेवणाच्या वेळेलाच शब्द घेतले: भाकरी, मीठ, पाणी, पुरे. "पुरे" हा बाबांचा पहिला स्वतःहून आलेला शब्द.

बोलण्याचं अजून एक सांगते. ठरवून शब्द येत नव्हता पण आरती सगळी म्हणायचे, एक अक्षर न चुकता. स्पीच मॅडम म्हणाल्या, पाठ असलेलं आणि सुरातलं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं, ते शाबूत राहू शकतं. मग त्यांनी विचारलं बाबांची ड्यूटी कुठली असायची? चिपळूण. झालं, दुसऱ्या दिवसापासून मॅडम म्हणणार "कराड" आणि बाबा पुढे, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, पोफळी, चिपळूण! आधी नुसतं घडाघडा, मग मॅडम मध्येच थांबवायच्या, "पाटणच्या आधी काय?" तिथे अडायचे, कपाळाला आठ्या, टेबलावर बोट आपटायचे आणि मग "मल.. मल्हारपेठ". तो पाठ केलेला शब्द नव्हता, शोधून काढलेला होता. फरक मला तिथे कळला.

आता वहीचं. तिथे प्रत्येक पेशंटची एक दोनशे पानी वही असते. प्रत्येक थेरपिस्ट आपलं सेशन झालं की दोन ओळी लिहितो, आणि घरचेही लिहितात, झोप कशी, काय दुखलं, काय जमलं. एकदा आईने लिहिलं "सकाळी उठवताना खांदा दुखला". फिजिओने ते वाचलं आणि आईला विचारलं उठवता कसं, करून दाखवा. आई उजव्या दंडाला धरून ओढत होती! वजन कसं घ्यायचं, खांद्याच्या पाठीमागे हात कसा ठेवायचा हे तिला शिकवलं, ओटीनेही तेच शिकवलं, रात्री बाबांजवळ थांबणाऱ्या मामांनाही तेच शिकवलं. तीन आठवड्यांत खांदा निवळला. ही वही नसती तर फिजिओने एकीकडे खांदा बरा केला असता आणि घरी रोज सकाळी आम्हीच बिघडवला असता.

माझं म्हणणं एवढंच आहे, एका छताखाली पाच पाट्या लावलेल्या असून भागत नाही. ते पाच जण एकमेकांशी बोलतात का ते बघा. तुमचे अनुभव लिहा.

---

गोदाकाठ

मी फिजिओ आहे, नाशिकला प्रॅक्टिस करतो. ताई, कप्पीबद्दल लिहिलंत ते फार गरजेचं होतं. लकव्याच्या खांद्याला कप्पी बांधू नये. खांद्याचा सांधा उथळ वाटीसारखा असतो, तो जागेवर राहतो मुख्यतः स्नायूंमुळे, ते ढिले पडले की हाताच्या वजनाने सांधा खाली सरकतो आणि अशा वेळी तो जबरदस्तीने डोक्यावर नेला तर आतले स्नायूबंध चिमटतात. म्हणून बसताना हाताखाली उशी किंवा मांडीवर ट्रे, आणि दंडाला धरून ओढणं कधीच नाही. सगळ्या नातेवाईकांना सांगा, भेटायला आलेले काका "उठा उठा" करत हातच धरतात.

मशीनबद्दल. करंटच्या मशीनला माझा सरसकट विरोध नाही, नीट वापरलं तर बोटं उघडायला, पाऊल उचलायला मदत होते. पण पेशंट नुसता पडून आणि पट्ट्या लावून थेरपिस्ट दुसऱ्या खोलीत, याला उपचार म्हणू नका. मेंदू नवी वाट पाडतो ती त्या माणसाने स्वतः तीच हालचाल, कामाची हालचाल, पुन्हा पुन्हा केल्यावर. शंभरदा भाकरी कुस्करणं हेच औषध.

क्लिनिक बघताना विचारा: पहिल्या दिवशी मोजमाप घेतलं का? तोल मोजायची बर्ग स्केल असते ५६ गुणांची, रोजच्या कामांची बार्थेल इंडेक्स १०० गुणांची, आकडा लिहून घ्या आणि महिन्याने परत विचारा. आणि महाराष्ट्रात आमची ओटीपीटी काउन्सिल आहे, रजिस्ट्रेशन नंबर मागायला लाजू नका, मला कुणी विचारलं तर मी आनंदाने दाखवतो.

---

माणदेशी

ताई वाचून डोळ्यात पाणी आलं. माझ्या चुलत्यांना दिवाळीत लकवा झाला. गावाकडं अजून कबुतराचं रक्त लावतात ओ, आमच्याकडं दोन कबुतरं आणून ठेवली होती पाव्हण्यांनी, मी भांडून परत पाठवली. पण तेलाच्या मालिशचं काय करावं? चुलती रोज सकाळी गरम तेलानं चोळती आणि वर गरम पाण्याची पिशवी ठेवती. तिचं मन मोडवत नाही.

---

गोदाकाठ

माणदेशी, हलक्या हाताने तेल लावायला काहीच हरकत नाही, उलट चुलतीचा हात लागतो ते चुलत्यांना हवंच असेल. दोन गोष्टी मात्र कडक पाळा. खांदा जोरात चोळायचा नाही, हात पिळायचा नाही. आणि गरम पिशवी बंद, आजच बंद. त्या बाजूची संवेदना गेलेली असू शकते, चटका बसतोय हे त्यांना कळणारच नाही, कातडी भाजून फोड आलेले पेशंट मी स्वतः बघितलेत. मालिश झाली की लगेच व्यायामाला बसवा, मालिश हाच व्यायाम असं व्हायला नको.

---

दुसरा_हात

मी ओटी. धाग्यात ओटीचं काम इतकं बारकाईने कुणी लिहिलेलं पहिल्यांदा बघतेय. बहुतेक लोक आम्हाला "ते हाताचे फिजिओ" म्हणतात. फिजिओ हालचाल, ताकद, चालणं बघतो. आम्ही त्या हालचालीतून माणसाचं रोजचं काम परत उभं करतो, अंघोळ, शर्टाची बटणं, जेवण, पूजा, दुकानाचा गल्ला. आणि ते जमत नसेल तर काम करायची रीत बदलतो किंवा घर बदलतो.

एक माहिती द्यावीशी वाटते, आपल्याच लोकांना माहीत नसते. आपल्या देशात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू झालं ते मुंबईत, केईएम हॉस्पिटलमध्ये, १९५० साली, आणि ते सुरू केलं कमला निंबकरांनी. त्या मूळच्या अमेरिकन, मराठी घरात लग्न करून आल्या आणि इथल्याच झाल्या. पुढे नागपूरलाही शाळा काढली. आम्ही आज जी भाकरी हातात देतो ना पेशंटच्या, त्याची सुरुवात तिथली आहे.

कृष्णाकाठची ताई, घरात काय काय बदललंत ते लिहा ना. उंबरे, संडास, पलंग?

---

कृष्णाकाठची_लेक

दुसरा_हात, उंबऱ्याचं बरं आठवण करून दिलंत! क्लिनिकमध्ये बाबा काठी घेऊन चांगले चालायला लागले पण ओटीने कराडच्या घराचा व्हिडिओ मागितला, मोबाईलवर काढून पाठवला, टेपने मोजून. आमच्या माजघराचा उंबरा सहा इंच. फिजिओने सुताराकडून तेवढ्याच उंचीचा लाकडी ठोकळा करून घेतला आणि महिनाभर बाबा तो ओलांडत होते. वर चढताना चांगला पाय पुढे, उतरताना लुळा पाय आधी. बाबा स्वतःशीच पुटपुटत तसे पाय टाकायचे.

दुसरं म्हणजे पाऊल लोंबतं म्हणून प्लास्टिकची पट्टी दिलीये, एएफओ, बुटात घालून वापरायची. बाबा घरात चप्पल घालणार नाहीत, देवघरापाशी तर नाहीच नाही, आणि नुसती पट्टी घालून शहाबादी फरशीवर पाय सटकतो. आम्ही वहीत लिहिलं "घरात बूट घालत नाहीत". आधी मला वाटलेलं रागावतील. नाही रागावले, ऑर्थोटिस्टना (अशा पट्ट्या बनवणारे) बोलावलं, त्यांनी कोरी सँडल आणायला सांगितली, फक्त घरात वापरायची, बाहेर कधीच नाही, मागे पट्टा असलेली. आईने तिला हळद कुंकू लावलं आणि बाबांनी घातली. देवापुढे अजूनही काढतात, खुर्चीवर बसून पूजा करतात.

पलंग उंच केला, खाली विटा. संडासात कमोड खुर्ची आणि डाव्या हाताला भिंतीत दांडा.

मनाचं लिहायचं राहिलंच. बाबा कुणीही आलं की रडायचे, टीव्हीवर जाहिरात लागली तरी रडायचे, आणि आम्ही सगळे "रडू नका, धीर धरा". क्लिनिकच्या सायकॉलॉजिस्टनी समजावलं की यातलं काही रडणं मेंदूच्या इजेमुळे आपोआप येतं, त्याला ते थांबवू शकत नाहीत, आणि काही खरं दुःख आहे, दोन्ही वेगळं ओळखायला शिका. डिप्रेशन होतंच म्हणाले, लकव्यानंतर ते खूप जणांना होतं, पीएमआर डॉक्टरांनी गोळी सुरू केली. आणि आईशी वेगळं बोलले ते, बंद दाराआड पाऊण तास. आई बाहेर आली ती म्हणाली, "मला कुणी आजवर विचारलंच नव्हतं मी झोपते का." मी तिची मुलगी असून विचारलं नव्हतं.

---

लीड्सकर

वाचतोय आणि पटतंय. माझ्या सासऱ्यांना इथे इंग्लंडमध्ये आमच्याकडे असताना स्ट्रोक झाला. स्ट्रोक युनिटमध्ये दुसऱ्याच दिवशी फिजिओ, ओटी, स्पीच पलंगापाशी. आठवड्याला सगळ्यांची मीटिंग आणि त्यात आम्ही. डिस्चार्जनंतर तीच टीम घरी यायची, आमच्याच किचनमध्ये त्यांना चहा करायला लावायची. इथे २०२३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की दिवसाला निदान तीन तास, आठवड्यातून पाच दिवस थेरपी मिळावी, फिजिओ ओटी स्पीच मिळून. खरं सांगायचं तर आम्हाला तेवढी नाही मिळाली, माणसं कमी पडतात. राहिलेला वेळ आम्ही घरच्यांनी भरून काढला. आणि भाषेची अडचण मोठी, स्पीच थेरपी इंग्रजीत आणि सासरे मराठीत अडलेले. ताईंच्या एसटी स्टॉपसारखं इथे कुणाला सुचणार. शेवटी बायको बसायची शेजारी, गावातल्या आळ्यांची नावं घेत.

---

निवृत्त_हवालदार

जय हिंद. मी फौजेतून निवृत्त, मणक्याला मार लागलेले दोस्त खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमध्ये आहेत म्हणून जाणं येणं असतं. तिथे व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात, काम शिकतात. पुण्यातच आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे १९४४ पासून. फौजेला हे फार आधी कळलं की नुसती जखम बरी करून जवान बरा होत नाही. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर बघा, १९६५ च्या लढाईत गोळ्या लागल्या, कमरेखाली गेलं, बॉक्सर होते ते. पोहायला लागले आणि १९७२ ला हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटरचं गोल्ड आणलं, आपल्या देशाचं पहिलं. २०१८ ला पद्मश्री. ताई, तुमच्या बाबांना सांगा ही गोष्ट, कराडपासून त्यांचं गाव पेठ कितीसं लांब आहे.

---

पूर्णाथडी

मी जिंतूर तालुक्यातला. सगळं वाचलं, आनंद वाटला आणि आतून तुटलं पण. माझ्या आईला चार महिने झाले, डावी बाजू गेलीय. पुण्याला ठेवायची ऐपत नाही. शेतीचं बघायला मी एकटा. परभणीला सरकारी दवाखान्यात फिजिओ आहे पण रोज नेणं होत नाही, आठवड्यातून एकदा जमतं. ओटी, स्पीच हे शब्दच इथे पहिल्यांदा वाचतोय. चार महिने गेले म्हणजे वेळ गेली का? एक अजून विचारायचं, आई ताटातलं उजवीकडचंच खाते, डावीकडची भाजी तशीच ठेवते. आम्हाला वाटतं भूक नाही.

---

दुसरा_हात

पूर्णाथडी दादा, वेळ गेलेली नाही. पहिले तीन महिने सुधारणा झपाट्याने होते हे खरं, पण त्यानंतर दार बंद होत नाही, हळू होते आणि मेहनत जास्त लागते. दोन वर्षांनी नवीन काम शिकलेले पेशंट माझ्याकडे आहेत.

आणि आईला भूक आहे. बहुतेक तिचं डावीकडे लक्षच जात नाहीये. डोळ्यांना दिसतं, पण मेंदू डावी बाजू मोजतच नाही, उजव्या मेंदूच्या झटक्यात हे बरेचदा होतं. डॉक्टरांच्या कानावर घाला. घरी आजपासून हे करा: ताटाच्या डाव्या कडेला लाल रंगाची पट्टी चिकटवा, जेवताना "लाल पट्टी शोध" म्हणा. तिचा डावा हात ताटाशेजारी तिला दिसेल असा ठेवा. तिच्याशी बोलताना समोरून सुरू करा आणि हळूहळू डावीकडे सरका, म्हणजे तिची मान वळेल. पलंगाची डावी बाजू भिंतीला लावलेली असेल तर तीही बदला.

मुंबईला कधी येणं झालं तर हाजी अलीला केंद्र सरकारची पीएमआरची संस्था आहे, सगळे विभाग एकाच ठिकाणी. बोलण्याचा त्रास असेल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था. दोन्ही सरकारी आहेत. आणि दिव्यांग प्रमाणपत्राचं बघून ठेवा, ४० टक्के किंवा जास्त निघालं तर योजनांना, एसटीच्या सवलतीला उपयोग होतो.

---

कृष्णाकाठची_लेक

पूर्णाथडी दादा, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. पुणं आम्हालाही कायमचं परवडणारं नव्हतं, अडीच महिने राहिलो आत्याकडे, आईच्या दोन बांगड्या गेल्या त्यात. मेडिक्लेममध्ये हॉस्पिटलचं बिल आलं पण हे रोजचं थेरपीचं काहीच बसलं नाही. आता कराडला फिजिओ आठवड्यातून दोनदा येतात, पुण्याशी पंधरा दिवसांतून एकदा व्हिडिओवर, बाकी सगळं आम्हीच.

वही मात्र चालू आहे. ती पन्नास रुपयांची वही तुमच्या परभणीच्या फिजिओंपुढे ठेवून बघा. आठवड्याभरात आईला काय जमलं, कुठे दुखलं, किती वेळ बसली ते लिहून न्या आणि पुढच्या आठवड्याचं त्यांच्याकडून त्यातच लिहून घ्या. त्यांच्याकडे गर्दी असते, आठवणार नाही त्यांना, वही आठवते. कालचं आमचं पान असं आहे: "सकाळी ७ ला उठले, खांदा ठीक. उंबरा दोनदा, आधाराशिवाय. नाष्ट्याला उपीट, चमच्याने, अर्धं स्वतः. ठसका एकदा, पाण्याचा, घाईत प्याले. स्टॉप उलटे म्हटले, चिपळूण ते पाटण, पुढे अडले. दुपारी चिडले, कारण कळलं नाही. संध्याकाळी कळलं, चष्मा पुसलेला नव्हता."

तुमच्या आईच्या ताटाचा फोटो काढून दुसरा_हात ताईंना दाखवा, जेवल्यानंतरचा.

---

पूर्णाथडी

वही आणली आज तालुक्यातून. लाल चिकटपट्टी पण आणली. रात्री लावली ताटाला. आईला तीन वेळा सांगावं लागलं, चौथ्यांदा तिची मान वळली आणि तिने कारल्याची भाजी बघितली, म्हणाली "ही कवा वाढली?" पहिल्या पानावर तेच लिहिलंय. ताई, बाबांशी आईचं एकदा बोलणं करून द्याल का फोनवर? तिला वाटतं असं फक्त तिलाच झालंय.

---

कृष्णाकाठची_लेक

नक्की. उद्या चारला करू, बाबांचा व्यायाम तोवर होतो. व्हिडिओच करा म्हणजे दिसतील एकमेकांना, आणि फोन आईच्या समोर धरा, डावीकडे नको आधी. बाबा फार बोलणार नाहीत पण ऐकतात सगळं. त्यांना आत्ताच विचारलं मी, म्हणाले "चला चला".

नंबर व्यनि (खाजगी निरोप) करते.